आजोबा, आई आणि नात एकाच खोलीत: कोल्हापुरात स्टँड-अपचा कार्यक्रम कसा बसवायचा

पुण्या-मुंबईच्या स्टँड-अपला येणारा प्रेक्षक बहुतेक एकाच वयाचा असतो. कोल्हापुरात तसं होत नाही. राजारामपुरीत संध्याकाळी सातचा कार्यक्रम लावला की कॉलेजची पोरं येतात, कुणाची तरी आई सोबत येते आणि "काय असतंय ते बघूया तरी" म्हणत आजोबाही पुढच्या रांगेत येऊन बसतात. हा मिश्र प्रेक्षक म्हणजे आपल्या गावाचं बळ आहे, पण त्याच्यासाठी कार्यक्रम मुद्दाम बसवावा लागतो. एकाच चवीचे सात कॉमेडियन पाठोपाठ उभे केले की कार्यक्रम पडतो, मग एकेक जण कितीही चांगला असो.

आधी आवड काढून घ्या

"तुम्हाला कुठला कॉमेडियन आवडतो?" असं विचारलं की लोक मोठं नाव सांगून मोकळे होतात. नावनोंदणीच्या फॉर्मात त्याऐवजी असं विचारा: "हसू आलं म्हणून शेवटची कुठली क्लिप फॉरवर्ड केलीत, आणि कुणाला?" त्यातलं "कुणाला" फार कामाचं आहे. मित्राला पाठवली पण घरच्या ग्रुपवर टाकली नाही, अशी क्लिप असेल तर तो विनोद आईशेजारी बसून हसण्याजोगा नाही, हे तुम्हाला आधीच कळतं. तीसेक फॉर्म आले की अंदाज येतो.

उत्तरं साधारण चार चवींत पडतात.

पहिली गोष्टीची. ही चव आपल्याकडे जुनी आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करायचे, आणि शंकर पाटील तर आपल्याच जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे. या चवीचा माणूस हशासाठी दोन-तीन मिनिटं थांबायला तयार असतो, पण माणसं खरी वाटली पाहिजेत. दुसरी स्किटची: 'चला हवा येऊ द्या' २०१४ मध्ये आलं, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ मध्ये, आणि घराघरातल्या जेवणाच्या वेळा त्यांनी धरल्या. या प्रेक्षकाला पात्रं, आवाज, हालचाल लागते. एका जागी उभं राहून नुसतं बोलणारा माणूस त्याला सुरुवातीला अपुरा वाटतो. तिसरी क्लिपची, म्हणजे अर्ध्या मिनिटात फटका आणि प्रेक्षकांशी थेट बोलणं. चौथी मताची: लग्न, नोकरी, राजकारण, शरीर, घरातल्या न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी. मराठीत ही चव यूट्यूबमुळे रुजली आणि त्यात 'भाडिपा' (भारतीय डिजिटल पार्टी) या चॅनेलचा वाटा मोठा आहे.

क्रम आणि वेळ

सव्वासातला सुरू करा, पावणेनऊला संपवा. त्यात निवेदकाला सुरुवातीची ८ मिनिटं, सात कॉमेडियनना प्रत्येकी ६, निवेदकाच्या मधल्या जोडकामाला एकेक मिनिट आणि शेवटच्या मुख्य कॉमेडियनला २०. बेरीज ७७ होते. उरलेली १३ मिनिटं उशिरा येणाऱ्यांत आणि टाळ्यांत जातात. मध्यंतर ठेवू नका. चहाला उठलेला प्रेक्षक परत येतो, पण तापलेली खोली परत येत नाही.

पहिल्यांदा स्किटच्या चवीचा माणूस, कारण त्याला सगळी खोली एकत्र हसते आणि अनोळखी लोकांना एकत्र हसायची सवय लागते. मग क्लिपवाला. मताचा विनोद तिसऱ्या-चौथ्या जागी ठेवा. तो पहिला ठेवला तर प्रेक्षक हसण्याऐवजी पटतंय की नाही हे ठरवत बसतो. गोष्टवाला पाचवा. गोष्टीने खोलीचा श्वास मंदावतो, म्हणून त्याच्या मागे चटपटीत कुणीतरी हवाच. शेवटी दोन चवी सांभाळू शकेल असा अनुभवी माणूस.

बाया किमान दोन असू द्या आणि त्यांना लागोपाठ ठेवू नका. "आता एक मुलगी येतेय" असली ओळख निवेदकाला सक्त मना करा. त्या एका वाक्याने प्रेक्षक विनोद ऐकायचा सोडून परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो.

पाचव्या मिनिटाला मागच्या भिंतीजवळून मोबाइलचा टॉर्च एकदा दाखवा, सहाव्याला हलवा. सातव्या मिनिटाला निवेदकाने टाळ्या वाजवत स्टेजवर जायचं. हा नियम मित्रालाही लावायचा.

जुना विनोद आणि आजची खोली

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कार्यक्रमाच्या चार-पाच दिवस आधी प्रत्येकाकडून सेट, म्हणजे तो स्टेजवर जे सांगणार ते सगळं, ऐकून घ्या, फोनवर चालेल. सेन्सॉर म्हणून ऐकू नका. कुठला विनोद अर्धी खोली गप्प करेल एवढंच शोधायचं आहे. हसू एकाकडून दुसऱ्याला लागतं, आणि शांतताही. जाडेपणावर, काळ्या रंगावर, तोतरेपणावर विनोद केला की साठीतले काही जण जुन्या सवयीने हसतात आणि विशी-पंचविशीतले ताठ होतात. मग साठीतलेही पुढच्या विनोदाला आजूबाजूला बघून हसतात. एका विनोदाचं नुकसान पुढच्या तीन विनोदांना भरावं लागतं.

द्वयर्थी विनोदाचंही तसंच. तमाशातल्या बतावणीत तो रंगायचा तेव्हा समोर बहुतेक पुरुषच असायचे. आज मायलेकी शेजारी बसतात आणि हसण्याआधी एकमेकींकडे बघतात. त्या क्षणात हशा जिरतो. पण सोंगाड्याचं, म्हणजे तमाशातल्या विनोदी नटाचं, दुसरं अंग अजून तेवढंच धारदार आहे: वगात तो राजालाही बोल लावायचा. वरच्याला खाली ओढणारा विनोद तिन्ही पिढ्यांना चालतो.

शंका आली की विनोदाला तीन प्रश्न विचारा. हसू कुणावर येतंय? तो माणूस खोलीत बसलेला असेल का? आणि पात्र बदललं तर विनोद उरतो का? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. "बायको माहेरी गेली, घरात शांतता झाली" हा विनोद घ्या. बायकोच्या जागी मेव्हणा घातला की तो कोसळतो, कारण बायका कटकट करतात या गृहीतकापलीकडे त्यात काही नाहीच. तो फेकायची गरज नाही. प्रसंग तोच ठेवा आणि दिवा नवऱ्यावर फिरवा: ती निपाणीच्या एस्टीत बसलीय, हा घरी "आता राजा आपणच" म्हणतोय, आणि गाडी कागल ओलांडायच्या आत त्याचे तीन फोन झालेत. चहापूड कुठाय, गॅसचा कॉक कुठल्या बाजूला फिरतो, आणि तिसरा, "काय नाही, सहज केला." इथे बायका आधी हसतात, आणि त्यांच्या मागोमाग नवरे जास्त जोरात हसतात, कारण चहापूड त्यांनाही सापडत नाही. जागा, वस्तू, फोनचा आकडा नेमका आल्यामुळे विनोद घट्टही झाला.

ज्यांना जुन्या विनोदावर हसू येतं त्यांना स्टेजवरून झापू नका. "आजकाल कशावर बोलायचीच सोय नाही" असली रडगाणीही सेटमधून काढा. दोन्हीने खोली दोन गटांत फाटते.

तरुण कॉमेडियनची अडचण वेगळी. कोल्हापुरात मित्रामित्रांत शिवी प्रेमाने येते, म्हणून ती स्टेजवरही चालेल असं त्यांना वाटतं. पहिली शिवी धक्क्याने हशा काढते, तिसरीला कुणी हसत नाही. सेटमध्ये एकच ठेवा, तीही दुसऱ्याच्या तोंडी, पात्र म्हणून. इंग्रजी-हिंदी मिसळायला हरकत नाही, मात्र ज्या शब्दावर हसू फुटायचं तो मराठी असावा आणि वाक्याच्या अगदी शेवटी यावा. तो शब्द पडल्यावर दोन सेकंद गप्प राहायचं. घाईने पुढचं वाक्य आलं की मागच्या रांगेतला हशा मध्येच मरतो.

बाहेरून येणाऱ्या कॉमेडियनला आधीच सांगा: तांबडा-पांढरा, मिसळ आणि "जगात भारी" यांवर सुरुवात नको. इथल्या प्रेक्षकाने ते सगळ्यांकडून ऐकलंय. आमची बोली ओढूनताणून बोलून दाखवू नये. "काय की रं" चा हेल चुकला की लोक भाषेकडे लक्ष देतात, विनोदाकडे नाही. त्याऐवजी दुपारी तासभर महाद्वार रोडवर फिरावं आणि दिसलेलं एक काहीतरी स्टेजवर आणावं. तालमींच्या संघांच्या फुटबॉलवर बोलायचं असेल तर एकाच संघावर घसरू नये, दोन्ही बाजूंना सारखंच घ्यावं. आणि शाहू स्टेडियमवर मोठा सामना असेल त्या दिवशी कार्यक्रम लावूच नका.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यातलं कलम २९९ धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याबद्दल आहे. अनुसूचित जाती-जमातीतल्या कुणाचा जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो. राजकीय विनोद करावाच, पण क्लिप कोण टाकणार हे आधी लेखी ठरवा. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट' या स्टँड-अपच्या जागेची तोडफोड एका स्टँड-अप व्हिडिओवरून झाली. जिथे तो चित्रित झाला त्या जागेने मार खाल्ला. प्रेक्षकांना फोन खिशात ठेवायला सांगा. चाळीस जणांसाठी, त्यांच्या मूडमध्ये केलेला विनोद अर्धवट कापून बाहेर गेला की त्याचा अर्थच बदलतो. तिकिटावर वय ठळक छापा: १६ वर्षांवरील, किंवा १८.

खोली

साठ लोक येतील वाटलं तर पंचेचाळीस खुर्च्या मांडा, बाकीच्या बाहेर रचून ठेवा. रिकामी खुर्ची हशा खाते. पहिली रांग स्टेजपासून चार-पाच फुटांवर, मधोमध वाट नको, वाट कडेने ठेवा. प्रेक्षकांवरचे दिवे बंद, कॉमेडियनच्या तोंडावर दोन. अंधारात माणूस मोकळा हसतो. सभागृह मोठं असेल तर मागची अर्धी जागा पडदा किंवा दोरी लावून बंद करा.

माइक साधा डायनॅमिक पुरतो. तोंडापासून दोन-तीन इंचांवर, जाळी मुठीत धरायची नाही. धरली की आवाज कोंडतो आणि शिट्टी येते. स्पीकर माइकच्या पुढे असावेत, मागे नकोत. माइक हातात घेतल्यावर रिकामा स्टँड मागे सरकवायला शिकवा, नवखे त्याच्या आड लपतात. पंखे दोन नंबरवर. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या छपराखाली कार्यक्रम घेऊ नका, पावसात शेवटचा शब्द ऐकूच येत नाही. उघड्या जागेत रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, तेव्हा गच्चीवर करणार असाल तर वेळ आणखी आधीची धरा.

मध्येच कुणी बोललं तर

पहिल्यांदा कॉमेडियनने एका वाक्यात, हसून उत्तर द्यावं. दुसऱ्यांदा दुर्लक्ष. तिसऱ्यांदा आयोजकांपैकी एकाने शेजारी जाऊन बसायचं आणि "काका, झाल्यावर बोलूया की" एवढंच हळू सांगायचं. स्टेजवरून वयस्कर माणसाचा पाणउतारा केला तर कोल्हापुरात खोली त्या माणसाच्या बाजूने जाते, चूक त्याची असली तरी.

कुणी दुखावल्याचं सांगायला आलं तर कॉमेडियनला पुढे करू नका. आयोजकाने बाहेर नेऊन पूर्ण ऐकून घ्यावं, नेमकं कुठलं वाक्य ते लिहून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी

आवाज मुद्रित केलेला असावा. फोन स्टेजऐवजी प्रेक्षकांच्या मधोमध ठेवा, म्हणजे हशा कुठून आला ते कळतं. प्रत्येक सेट ऐकताना कागदावर तीन खुणा करा: सगळी खोली हसली, एकच कोपरा हसला, कुणीच नाही. नवख्याचे मिनिटाला दोन पूर्ण हशे म्हणजे चांगलं. मुख्य कॉमेडियनकडून चारांची अपेक्षा धरा. एकाच कोपऱ्याच्या खुणा ज्या विनोदांना आहेत ते कॉमेडियनला कळवा, आणि कोपरा कुठला तेही सांगा. फक्त पुढच्या रांगेतले आजोबा हसले की फक्त मागची पोरं, यावरून पुढच्या वेळी त्याला तिसऱ्या जागेवर ठेवायचं की सहाव्या, ते ठरवा.