टांकसाळीच्या इतिहासातून फ्रेंच शब्दसंग्रह: एका विद्यार्थिनीचा अनुभव

फ्रेंचच्या दोन प्राथमिक पातळ्या उत्तीर्ण केल्यानंतर मी पहिल्यांदा पॅरिसला गेले, तेव्हा एका बेकरीत गल्ल्यावरच्या बाईंनी मला "व्हुझाव्हे ला मोने?" असे विचारले. "तुमच्याकडे पैसे तरी आहेत ना?" असा त्याचा अर्थ लावून मी मनातून चांगलीच दुखावले. त्यांना फक्त सुट्टे हवे होते. दोष माझ्या वहीचा होता, कारण तीत 'ला मोने' या शब्दासमोर 'पैसा' असे लिहिलेले होते आणि त्याच पानावर 'लार्जां' या शब्दासमोरही 'पैसा' असेच लिहिलेले होते. डावीकडे फ्रेंच आणि उजवीकडे मराठी असे दोन रकाने आखून केलेल्या वहीत शब्द साठतात, पण त्यांचे एकमेकांशी नाते जुळत नाही, आणि नाते नसलेला शब्द ऐन वेळी दगा देतो.

त्याच मुक्कामात सीन नदीच्या डाव्या काठावर, 11, के द कोंती या पत्त्यावरील भव्य इमारतीवर मला पुन्हा तोच शब्द भेटला: ला मोने द पारी, म्हणजे पॅरिसची टांकसाळ. सुट्टे पैसे, नाणे, चलन आणि नाणी पाडण्याची जागा या सर्वांसाठी फ्रेंचमध्ये एकच शब्द आहे. त्याचे मूळ रोममधील जूनो मोनेता या देवीच्या नावात आहे, कारण तिच्या मंदिराजवळ रोमन लोक नाणी पाडत. मराठीत याच अर्थांसाठी मोड, सुट्टे, नाणे, चलन आणि टांकसाळ असे वेगवेगळे शब्द असल्यामुळे आपला गोंधळ होणे स्वाभाविक आहे. 'लार्जां'मधल्या 'आर्जां' या शब्दाचा मूळ अर्थ मात्र चांदी. आपला रुपया हा शब्दही रूप्याशी, म्हणजे चांदीशीच जोडलेला आहे, हे लक्षात आल्यावर तो शब्द मला कधीही पाठ करावा लागला नाही.

त्यानंतर वर्षभर मी या एकाच संस्थेचा इतिहास वाचत फ्रेंच शिकले. 25 जून 864 रोजी राजा शार्ल ल शोव्ह, म्हणजे टकला चार्ल्स, याने काढलेल्या पीत्रच्या फर्मानापासून ही टांकसाळ आपली स्थापना मोजते. नदीकाठची सध्याची इमारत झाक-दनी आंत्वान या वास्तुविशारदाने 1771 ते 1775 या काळात बांधली, आणि 1973 पासून रोजच्या वापरातील नाणी बोर्दोजवळच्या पेसाक येथील कारखान्यात पाडली जातात. एवढा सांगाडा सुरुवातीला पुरतो. या सनावळीचा एक फायदा मला आधी कळला नव्हता, तो म्हणजे संख्यांचा सराव. 1771, 1795 आणि 1879 हे आकडे मोठ्याने वाचून पाहावेत. एकोणऐंशीला फ्रेंच माणूस 'साठ-दहा-नऊ' म्हणतो आणि पंच्याण्णवला 'चार-वीस-पंधरा'. आपण स्वतः एकोणऐंशी हा शब्द 'ऐंशीला एक उणा' या हिशेबाने बोलत असल्यामुळे तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मान्य करून सराव सुरू करावा.

खरा खजिना मात्र नाणे घडवण्याच्या प्रक्रियेत आहे. धातू वितळवून मिश्रधातू करतात, त्याला 'आलियाज' म्हणतात. पट्टी लाटण्याच्या यंत्राला 'लामिनवार'. पट्टीतून कापून काढलेल्या कोऱ्या चकतीला 'फ्लां'. हाच फ्लां फ्रेंच मिठाईच्या दुकानात अंडी-दुधाचा गोड पदार्थ म्हणून मांडलेला असतो, त्यामुळे टांकसाळीविषयीचे वाक्य वाचताना मला काही दिवस भूक लागत असे. चकतीवर चित्र उमटवणारा पोलादी ठसा म्हणजे 'ल क्वां'. रोजच्या फ्रेंचमध्ये क्वां म्हणजे कोपरा. एखादा विचार शहाणपणाचा आहे असे सांगताना तो 'शहाणपणाच्या क्वांने ठोकलेला' आहे असे फ्रेंचमध्ये म्हणतात, आणि तिथे कोपऱ्याचा काहीही संबंध नसतो. ठसा माहीत नसेल तर ते वाक्य अजिबात उलगडत नाही. ठसा उमटवण्याची क्रिया म्हणजे 'फ्रापे', ठोकणे. दार ठोठावण्यासाठीही हेच क्रियापद वापरतात, म्हणून ते पहिल्याच आठवड्यात शिकण्यासारखे आहे. नाण्याची कड म्हणजे 'ला त्रांश', आणि पावाच्या किंवा हॅमच्या कापालाही त्रांशच म्हणतात.

हातोड्याने नाणी पाडण्याच्या काळात खालचा ठसा ठोकळ्यात पक्का बसवलेला असे आणि त्याला 'पिल' म्हणत. आपल्या छापा-काट्याला फ्रेंचमध्ये 'पिल उ फास' म्हणतात ते त्यावरून. सतराव्या शतकात झां व्हारँ या कोरक्याच्या देखरेखीखाली 'बालांसिए' हे स्क्रूचे दाबयंत्र रूढ झाले आणि 1645 मध्ये पॅरिसमध्ये हातोडा कायमचा बंद झाला. यंत्र गेले, माणूस गेला, खेळातला शब्द मात्र राहिला.

जुन्या चलनाकडे वळल्यावर मराठी वाचकाला अनपेक्षित मदत मिळते. मध्ययुगातील सम्राट शार्लमान्यच्या व्यवस्थेत एका 'लिव्र'चे 20 'सू' आणि एका सूचे 12 'दनिए' होत. आपल्या आजोबांच्या पिढीला एका आण्याच्या 12 पै तोंडपाठ असत, त्यामुळे बाराच्या हिशेबाचे नवल आपल्याला वाटू नये. इथेच लिंगाचा एक धडाही मिळतो. 'ला लिव्र' स्त्रीलिंगी असेल तर ते चलन किंवा वजन, आणि 'ल लिव्र' पुल्लिंगी असेल तर पुस्तक. बाजारात आजही 'युन लिव्र' म्हणजे अर्धा किलो, म्हणून ही चूक टोमॅटो घेताना होते, ग्रंथालयात नव्हे. दनिएपासून 'दांरे' हा शब्द निघाला. एका दनिएत मिळणारा माल तो दांरे, आणि आज खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर व सरकारी नियमांत 'दांरे आलिमांतेर' असे छापलेले असते. दनिएच्या निम्म्या किमतीचे नाणे 'माय'. कोणाशी भांडण असणे यासाठी 'अव्वार माय आ पार्तीर' असा वाक्प्रचार आहे. त्यातील पार्तीरचा अर्थ निघून जाणे हा नसून जुन्या फ्रेंचमधील वाटून घेणे हा आहे. इतके क्षुल्लक नाणे दोघांत वाटायचे कसे, यावरून वाद पेटणारच. मी हे वाक्य सहा महिने 'निघताना माय बरोबर घेणे' असे काहीतरी समजत होते.

फ्रँकची कथा प्रत्येक नवशिक्याने फ्रेंचमधूनच वाचावी. 1356 मध्ये प्वातिएच्या लढाईत राजा झां ल बों इंग्रजांच्या हाती सापडला, आणि त्याच्या खंडणीच्या निमित्ताने 5 डिसेंबर 1360 रोजी फ्रँक हे सोन्याचे नाणे काढण्यात आले. 'फ्रां' म्हणजे मुक्त. नाण्यावरील लॅटिन मजकुरात राजाला 'फ्रँकांचा राजा', म्हणजे फ्रँक नावाच्या लोकांचा राजा, म्हटलेले असल्यामुळे नावाचे मूळ तिथेही सांगितले जाते. या एका विशेषणावरून 'फ्रांश्मां' म्हणजे मोकळेपणाने सांगायचे तर, 'फ्रां-पार्ले' म्हणजे स्पष्टवक्तेपणा, आणि 'आफ्रांशीर' म्हणजे मुक्त करणे हे शब्द हाती येतात. पत्रावर तिकीट लावण्यालाही आफ्रांशीरच म्हणतात, हे मला टपाल कार्यालयातील फलक वाचून कळले.

1 जानेवारी 1960 रोजी 100 जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक झाला, तरी कित्येक फ्रेंच लोक पुढे अनेक वर्षे जुन्या फ्रँकांतच किंमत सांगत राहिले. 1957 मध्ये दशमान पद्धत आल्यानंतरही आपल्याकडे पंचवीस पैशांना चार आणे म्हणत राहिले, त्यामुळे हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाच फ्रँकांना 'सां सू', म्हणजे शंभर सू, असेच म्हणत, कारण दशमान पद्धतीतही पाच सांतीमच्या (सांतीम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) नाण्याला सू हे जुने नाव चिकटून राहिले होते.

शुद्धतेविषयीचे शब्द मला सर्वांत जवळचे वाटले. धातूच्या शुद्धतेच्या प्रमाणाला 'तित्र' म्हणतात, म्हणजे शीर्षकासाठी वापरतात तोच शब्द. 1803 च्या जर्मिनाल फ्रँकमध्ये (जर्मिनाल हा फ्रेंच क्रांतीच्या दिनदर्शिकेतील एक महिना) 5 ग्रॅम वजनाच्या नाण्यात हजारात 900 भाग चांदी असे, हे वाक्य तित्र शब्दासह दहा वेळा लिहिले की तो पक्का होतो. 'द बोन आल्वा' या शब्दप्रयोगाचा अर्थ आपल्या 'बावनकशी'च्या अगदी जवळ जातो. रोख रकमेला 'एस्पेस सोनांत ए त्रेब्युशांत' म्हणतात. सोनांत म्हणजे खणखणीत. त्रेब्युशांत म्हणजे 'त्रेब्युशे' नावाच्या नाजूक तराजूवर वजनात उतरणारे. शब्दकोशात त्रेब्युशे हे क्रियापद पाहिले तर 'ठेचकाळणे' असा अर्थ मिळतो आणि ठेचकाळणाऱ्या पैशांचे कोडे पडते. यातला 'एस्पेस' हा भाग मात्र रोज उपयोगी आहे. दुकानात रोखीने पैसे देणे म्हणजे 'पेये आन एस्पेस'.

काही सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आवश्यक आहे. इतिहासाच्या लेखनात 'पासे सेंप्ल' हा भूतकाळ सर्वत्र आढळतो आणि तो बोलण्यात जवळजवळ वापरला जात नाही, म्हणून तो ओळखता येण्यापुरताच शिकावा. मी उत्साहाने तो तोंडी परीक्षेत वापरला आणि परीक्षकांना हसू आवरावे लागले. तसेच लामिनवार, बालांसिए, माय हे शब्द वाचनापुरते ठेवावेत. मी माझ्या नव्या वहीत दोन रंग वापरले. निळ्या शाईत बाजारात चालणारे शब्द आणि हिरव्या शाईत संग्रहालयात राहणारे. पहिल्या महिन्यात हिरवी पाने अधिक भरली, कारण जुने शब्द मोहक असतात, पण नंतर प्रत्येक हिरव्या शब्दाखाली त्याचा आज जिवंत असलेला एक निळा नातेवाईक लिहायचा असा नियम मी केला.

लेखनाच्या सरावासाठी नाण्याचे वर्णन हा प्रकार मला निबंधापेक्षा अधिक फलदायी ठरला. पदककार ऑस्कार रोती यांनी घडवलेली आणि 1897 च्या नाण्यावर आलेली 'सम्योज', म्हणजे बी पेरणारी स्त्री, पुढे 1960 च्या नव्या फ्रँकवर आणि त्यानंतर युरो चलनातील 10, 20 आणि 50 सेंटच्या फ्रेंच नाण्यांवरही आली. तिचे चित्र समोर ठेवून ती काय करते, डोक्यावर काय आहे, कोणत्या हाताने पेरते, सूर्य कुठे आहे, हे दहा वाक्यांत लिहावे. क्रियापदे वर्तमानकाळातच लागतात, विशेषणे स्त्रीलिंगी होतात, आणि 'समे', म्हणजे पेरणे, या क्रियापदावरून पुरुष असेल तर 'सम्यर' व स्त्री असेल तर 'सम्योज' होते, हे कळते. 2024 मध्ये याच तीन नाण्यांवर राजकारणी सिमोन व्हेल, नर्तकी-गायिका जोसेफीन बेकर आणि शास्त्रज्ञ मारी क्युरी यांच्या प्रतिमा आल्या. दुसऱ्या आठवड्याचा सराव त्यांच्यावर करता येतो.