हॅम परवाना काढताय? मग सेट सगळ्यात शेवटी घ्या

हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना काढून हौसेखातर चालवायच्या रेडिओच्या, नादाला लागलेला माणूस सहसा उलट्या क्रमाने जातो. आधी ऑनलाइन चिनी हँडसेट मागवतो, मग याला परवाना लागतो हे कळतं, मग परीक्षेची शोधाशोध सुरू होते. क्लबची आठवण येते ती शेवटी, सेट चालेना म्हणून. हाच क्रम फिरवून क्लब आधी आणि सेट शेवटी ठेवला, तर खालच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

परवान्याआधी सेट घेणं

बाओफेंग यूव्ही-५आर हा असाच एक हँडसेट. स्वस्तात मिळतो, घरपोच येतो, त्यामुळे तो कायदेशीर असणारच असं लोक धरून चालतात. भारतात परवान्याशिवाय वापरता येतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या चिंचोळ्या पट्ट्यातले, कमी शक्तीचे वॉकी-टॉकी. यूव्ही-५आर मात्र १३६ ते १७४ मेगाहर्ट्झमध्ये कुठेही बोलू देतो, आणि ४०० च्या पुढेही. त्यातला हॅमसाठी राखलेला भाग म्हणजे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८. बाकी सगळं दुसऱ्या कुणाचं तरी आहे. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ऑनलाइन विक्री मंचांना नोटिसा काढल्या, त्या वॉकी-टॉकीच्या अशाच विक्रीबद्दल. दुकानाने विकलं म्हणून घेणारा सुटत नाही.

ऐकायचीच घाई असेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ, ब्राउझरमध्ये उघडा. रात्री ४० मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, कान देऊन बसा. लोक कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारं ओळखचिन्ह) कसा देतात, एकमेकांना जागा कशी करून देतात, हे पुस्तकातून कळत नाही.

मोर्स येईपर्यंत थांबणं

परवान्याच्या दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही, कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतो, शक्ती ५० वॅटपर्यंत. जनरलला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स घ्यावा आणि पाठवावा लागतो. तिथे व्हीयू२ आणि ४०० वॅट. ‘एकदम जनरलच काढतो’ म्हणून वर्षानुवर्षं रखडलेली मंडळी प्रत्येक क्लबात सापडतात. साध्या तारेच्या अँटेनावर ५० वॅटमध्ये युरोप, जपान सहज होतं. आधी रिस्ट्रिक्टेड काढा, मोर्स मागाहून शिका. वयाची अट किमान १२ वर्षं, तेव्हा घरात सातवी-आठवीतलं पोर असेल तर त्यालाही बसवा.

नियमांचा भाग ऑप्शनला टाकणं

परीक्षेत एक भाग रेडिओच्या तंत्राचा आणि दुसरा नियमांचा. दोन्हींत स्वतंत्रपणे किमान गुण लागतात. इलेक्ट्रॉनिक्सवाले इंजिनिअर इथेच अडकतात. ओहमचा नियम झोपेत सांगतील, पण क्यूआरएम आणि क्यूआरएनमध्ये फरक काय विचारलं की गप्प. (पहिला दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा, दुसरा निसर्गाचा, म्हणजे विजांचा वगैरे.) आणीबाणीचे संदेश, बँडच्या हद्दी, काय बोलायला मनाई आहे, हे सगळं तोंडपाठ हवं.

अर्ज सरल संचार पोर्टलवर भरायचा. शुल्क आणि परीक्षेच्या तारखा तिथेच बघा, कुणी फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर विसंबू नका. आपल्याकडे एक हमखास घोळ होतो तो नावाचा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि कुठेतरी वडिलांचं नाव नुसत्या आद्याक्षरावर. अर्जापूर्वीच सगळीकडे एकसारखं करून घ्या. परीक्षेनंतर पडताळणी असते आणि तिला वेळ लागतो. तेवढ्या काळात क्लबात जात राहा.

क्लबात फक्त कामापुरतं जाणं

मुंबईत मुंबई अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी आहे, पुण्यातही हॅम मंडळी बरीच आहेत. देशपातळीवर अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया, आणि हैदराबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओ. पहिल्या भेटीत ‘परवाना किती दिवसांत मिळेल?’ एवढंच विचारून निघू नका. कुणी छतावर अँटेना चढवत असेल तर दोरी धरायला जा. त्या एका दुपारी जे कळतं ते महिनाभर व्हिडिओ बघून कळत नाही.

‘आपत्ती आली की उपयोगी पडू’ म्हणून परवाना काढून सेट कपाटात ठेवणारेही असतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून निरोप बाहेर पोचले, कारण भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) आणि त्यांचे सहकारी तिथे दूरच्या स्टेशनांशी बोलण्याच्या मोहिमेसाठी आधीच गेले होते. अँटेना उभ्या होत्या, हात सरावलेले होते. कपाटातल्या सेटची बॅटरी ऐन वेळी मेलेली निघते.

रिपीटर उघडत नाही

नव्या हॅमची ही पहिली तक्रार. रिपीटर, म्हणजे उंचावरून आपला आवाज पकडून पुढे पाठवणारं स्टेशन, ऐकू येतो, पण आपण बोललेलं कुणालाच जात नाही. सेट खराब नसतो. दोन मीटरवर (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा) शिफ्ट, म्हणजे ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक, साधारणतः उणे ६०० किलोहर्ट्झ असते, म्हणजे १४५.५ वर ऐकू येत असेल तर बोलायचं १४४.९ वर. ती शिफ्ट भरलीये का बघा. मग सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडणारा, आवाजाखाली जाणारा बारीक सूर) तपासा, तो फक्त ट्रान्समिटला, म्हणजे बोलतानाच्या बाजूला, लावा. हे दोन्ही बरोबर असूनही जमेना, तर खोलीतून उठून गच्चीवर जा. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि आरसीसीची इमारत त्यांना बरीच गिळते.

नुसतं पीटीटी (बोलायचं बटण) दाबून रिपीटर उघडतोय का बघणं ही वाईट सवय. कॉलसाइन सांगा, ‘टेस्टिंग’ म्हणा, कुणीतरी उत्तर देईल.

एचएफवर नुसता खरखराट

एचएफ म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ, दूरवर जाणाऱ्या लहरींचा पट्टा. शहरात त्यातलं ४० मीटर लावलं की सेटच्या सिग्नल मीटरवर नुसत्या खरखरीनेच एस-९ पर्यंत काटा, आणि लोक सेट बदलायला निघतात. त्याआधी हे करा. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या आणि घराचा मेन स्विच पाडा. खरखर पडली तर चोर घरातच आहे. आता सगळे एमसीबी पाडून मेन चालू करा, आणि एकेक एमसीबी वर करत जा. बहुतेक वेळा स्वस्त एलईडी दिवा, राउटरचा अॅडॉप्टर किंवा इन्व्हर्टर निघतो. त्याच्या वायरीचे फेराइटच्या (खरखर शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून दोन-चार वेढे घ्या, नाहीतर तो बदला. मेन पाडूनही खरखर तशीच राहिली तर शेजारी किंवा लिफ्टकडे बघा, आणि अँटेना इमारतीपासून जमेल तेवढी दूर न्या.

डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन समान तारांची अँटेना, कापताना १४३ ला मेगाहर्ट्झने भागा: ७.१ ला साधारण २० मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मीटर. तार हातभर जास्तच ठेवा. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप, जितकं कमी तितकं बरं) खालच्या फ्रिक्वेन्सीवर कमी येत असेल तर तार लांब आहे, थोडी थोडी छाटा. आखूड झालेली तार लांब होत नाही.

आणि जूनमध्ये एसडब्ल्यूआर अचानक चढला, तर अँटेनाला हात लावण्याआधी कनेक्टर उघडा. को-अॅक्समध्ये (अँटेनाच्या केबलमध्ये) पाणी शिरलेलं असतं. केबलच्या आतली तांब्याची जाळी काळवंडली असेल तर तेवढा तुकडा कापून टाका, नवा कनेक्टर लावून वर चिकटून एकजीव होणारी रबर टेप गुंडाळा, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे पाणी तिथेच टपकून जाईल.