घरातले जुने फोटो नातेवाईकांना कसे पाठवायचे: आधी नावं, मग स्कॅनिंग

जुने फोटो शेअर करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, स्कॅनर कुठला घेऊ, ॲप कुठलं चांगलं. ते सगळं नंतर बघता येतं. कागद अजून काही वर्षं टिकेल, पण फोटोतली माणसं ओळखणारी आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, तिला विचारायचं काम आधी करा.

१. फोटो शोधा, आणि फक्त आपल्याच घरात नको

अल्बम तर असतातच, पण जुन्या पत्रांचे गठ्ठे, पत्रिकांची फाईल, माळ्यावरची ट्रंक, सगळं बघा. भिंतीवरच्या जुन्या फ्रेमही उघडून बघा, बऱ्याचदा एका फोटोच्या मागे दुसरा ठेवलेला सापडतो. मग मामा, मावशी, चुलत आजोबांच्या घरी विचारा, कारण पूर्वी लग्नामुंजीच्या फोटोंच्या जादा कॉप्या काढून पोस्टाने पाठवायची पद्धत होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांमधल्या घरांचं सगळं किडुकमिडुक गेलं, त्यात फोटोही गेले. अशा घरांचे फोटो आता मिळाले तर नागपूर, इंदूर, बडोद्याच्या नातेवाईकांकडेच मिळतील. म्हणून "तुमचे फोटो द्या" असं न म्हणता "आमच्या घरचे कुठले फोटो तुमच्याकडे आहेत का" असं विचारा, लोक हौसेने कपाट उघडतात.

२. काही काढण्याआधी अल्बमचं पान जसंच्या तसं टिपा

मोबाईलने प्रत्येक पानाचा साधा फोटो घ्या, म्हणजे कुठल्या फोटोशेजारी कुठला होता ते राहतं. १९८० च्या आसपासचे चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम असतील तर फोटो ओढू नका, फाटतो. दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवत न्या, तरी निघत नसेल तर पानासकटच स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटोही काचेवरूनच टिपायचा. लॅमिनेशन तर अजिबात करू नका. आणि मागची बाजू विसरू नका हां, स्टुडिओचा शिक्का, तारीख, आजोबांच्या अक्षरातली एखादी ओळ मागेच असते, तिचाही फोटो घ्या.

३. नावं विचारा, हेच खरं काम

दुपारचा चहा झाल्यावर बसा, एका वेळी दहा-पंधरा फोटो पुरे, जास्त दाखवले की मोठी माणसं दमतात आणि "असेल कुणीतरी" वर येतात. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, अर्थात त्यांना सांगून. फोटोच्या मागे पेन्सिलने हलकाच नंबर टाका आणि बोलताना नंबर मोठ्याने म्हणा, "आता सात नंबर", नाहीतर नंतर कुठली गोष्ट कुठल्या फोटोची तेच कळत नाही.

"हे कोण?" एवढंच विचारून फार काही मिळत नाही. हा फोटो कुणी काढला, त्या दिवशी घरात काय होतं, यात कोण नाहीये आणि का नाहीये, ही साडी कुणाची, मागचं घर कुणाचं, असं विचारा. कोण नाहीये या प्रश्नाला तर कधीकधी अर्धा तास उत्तर चालतं.

नावं लिहिताना दोन गोष्टी नक्की करा. एक, नुसतं अण्णा, ताई, बाळ असं लिहू नका, प्रत्येक घरात तीन अण्णा असतात, पूर्ण नाव लिहा आणि कुणाचे कोण तेही लिहा. दुसरं, बायकांचं माहेरचं आणि सासरचं दोन्ही नाव लिहा. आपल्याकडे लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायचे, त्यामुळे फ्रॉकमधली कुसुम आणि नऊवारीतली सुनंदा एकच आहे हे पुढच्या पिढीला कळायला मार्गच राहत नाही. माझ्या मते घराण्याच्या वंशावळीत बायका हरवतात त्या इथेच हरवतात आणि हे आपण आज थांबवू शकतो.

मूळ फोटोमागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलने, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनची खूण पुढच्या बाजूला उमटते.

४. साल आठवत नसेल तर फोटोतच शोधा

मुंबईच्या घरात टीव्ही दिसतोय म्हणजे बहुतेक २ ऑक्टोबर १९७२ नंतरचा, तेव्हा मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पाकिटावर पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. गाडीवर एमएच असलेली पाटी १९८९ नंतरची. छोटे चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट फोटो बरेचदा आग्फा क्लिक थ्री सारख्या कॅमेऱ्याचे, त्यात एका रोलवर बाराच फोटो यायचे. त्यामुळे त्याच मापाचे बाकीचेही शोधा, एकाच रोलचे निघू शकतात. सगळ्यात सोपा हिशोब कडेवरच्या बाळाचा, त्याचं जन्मसाल घरात कुणालातरी माहीत असतंच. खात्री नसेल तर "अंदाजे" लिहा.

५. स्कॅनिंग

साध्या फोटोला ६०० डीपीआय (स्कॅन किती बारीक करायचं त्याचा स्कॅनरमधला आकडा) बास. निगेटिव्ह सापडल्या तर सोनं समजा, त्या मात्र २४०० किंवा त्याच्या वर, जमत नसेल तर चांगल्या लॅबमधून करून घ्या. स्कॅनर नसेल तर मोबाईलने, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून. लाल पडलेला रंगीत फोटो सुधारायचा असेल तर कॉपीवर सुधारा, मूळ स्कॅन तसंच ठेवा. फाईलचं नाव १९६८_नाशिक_मुंज_०७ अशा पद्धतीने द्या. लग्नाची व्हीएचएस, म्हणजे जुनी व्हिडिओ कॅसेट असेल तर ती लगेच डिजिटल करून घ्या, टेप खराब होत जाते आणि चालणारा व्हीसीआर मिळणंही अवघड झालंय.

६. पाठवायचे कसे

व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदम दोनशे फोटो टाकले की कुणीच बघत नाही. रोज एक टाका, सोबत एक प्रश्न टाका, "डावीकडून तिसरे कोण?" बघा कशी अमेरिकेतली चुलत बहीणसुद्धा जागी होते. व्हॉट्सॲप फोटो बारीक करतं, म्हणून ज्यांना प्रिंट काढायचीय त्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सगळा संच गूगल फोटोजच्या शेअर्ड अल्बममध्ये ठेवता येतो, फक्त १५ जीबीची फुकट जागा जीमेल आणि ड्राइव्हसकट मिळून आहे हे लक्षात ठेवा. शिवाय हार्ड डिस्कवर एक कॉपी, आणि एक दुसऱ्या गावातल्या भावाकडे.

ज्या आजीला लिंक उघडता येत नाही तिला मोठ्या प्रिंट काढून द्या. गौरी-गणपतीला सगळे गावी जमतात तेव्हा प्रिंट टेबलावर पसरून ठेवा, शेजारी वही आणि पेन्सिल.

७. आठवणी बाहेर काढायच्या तर घराचा नकाशा काढा

"लहानपणीचं काहीतरी लिही" म्हटलं की कुणी लिहीत नाही. त्यापेक्षा सगळ्या भावंडांना एक कागद द्या आणि जुन्या वाड्याचा किंवा चाळीतल्या खोलीचा नकाशा काढायला सांगा. पाण्याचं पिंप कुठे, माळ्याची शिडी कुठे, मे महिन्यात आंब्याची अढी कुठे घातलेली असायची, रात्री कोण कुठे झोपायचं. लगेच भांडणं सुरू होतात आणि आठवणी धडाधड बाहेर येतात. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहून ठेवा, निकाल लावायच्या भानगडीत पडू नका.

८. काय टाकायचं नाही

मुलांचे अंघोळीचे, उघडे फोटो ग्रुपवर नकोत, फेसबुकवर तर नाहीच. मोडलेलं लग्न, अकाली गेलेलं मूल, आजोबांची पहिली बायको, असे फोटो आधी त्या घरातल्या माणसाला एकट्याने दाखवा, विचारा, मगच पुढे पाठवा. पण ते फाडू नका आणि त्यातून कुणाला कापून काढू नका, स्कॅन करून वेगळ्या फोल्डरमध्ये नावासकट ठेवा. आणि ज्यांच्याकडून अल्बम आणलेत त्यांना ते महिन्याभरात परत करा, सोबत सगळ्या स्कॅनचा पेनड्राइव्ह द्या, म्हणजे पुढच्या वेळी ते खालची ट्रंकही उघडून देतील.