जुनी होडी घेताना टाकीपर्यंत हात पोचतो का ते बघा

तापोळा-बामणोलीकडे कोयनेच्या जलाशयात मासेमारीसाठी जुनी फायबरची होडी घेणार असाल, तर रंग आणि इंजिन नंतर बघा. आधी फळीखालची पेट्रोलची टाकी दाखवायला सांगा. त्या फळीला हात आत जाईल एवढं झाकण आहे का? माझ्या होडीला नव्हतं. नळी चिरली, पेट्रोलचा वास सुटला आणि शेवटी बसायची अख्खी फळी करवतीने कापावी लागली.

झाकण असेल तर नळी बोटांत धरून वाकवा. बारीक भेगा दिसल्या किंवा ती चिकट लागली, तर बदलायचीच. नळी आवळून धरणारे क्लॅम्प गंजलेले नकोत. ॲल्युमिनियमची टाकी ओल्या फोमवर बसवलेली असेल तर ती खालून खाल्ली जाते आणि वरून काही कळत नाही, म्हणून तळाकडून बोट फिरवून बघा.

हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. पावसाळ्यात होडी उभी राहणार असेल तर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवून घ्या.

आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळातच साचते. रोज इंजिन सुरू करण्याआधी फळीचं झाकण उघडून वास घ्या. वास आला तर बटणाला हातसुद्धा लावू नका.