गोळी सोसली नाही? दातांच्या डॉक्टरला हे सांगा

"मॅडम, मला इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे." एवढ्यावर मला काहीच ठरवता येत नाही. नेमकं काय झालं, औषध घेतल्यावर किती वेळाने झालं आणि कशाने थांबलं, हे सांगा.

दाताच्या भुलीच्या इंजेक्शनात बहुधा लिग्नोकेन असतं, सोबत थोडं अ‍ॅड्रेनलिन. टोचल्याबरोबर छातीत धडधडलं, हात थरथरले आणि थोड्या वेळात निवळलं, तर ते अ‍ॅड्रेनलिनमुळे. अंधारी आली, घाम फुटला, आडवं केल्यावर बरं वाटलं, तर ती भीतीने आलेली चक्कर. (उपाशी येऊ नका, हे मी फोनवरच सांगते.) लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार विरळा. अंगभर गांधी उठणं, ओठ किंवा डोळे सुजणं, आवाज बसणं, दम लागणं हे मात्र वेगळं प्रकरण. घरी गोळी घेतल्यावर घसा आवळतोय असं वाटलं किंवा श्वास अडला, तर मला फोन करत बसू नका, थेट १०८ लावा.

सगळ्यात जास्त निसटते ती डागाची रिअ‍ॅक्शन. दाढेसाठी आलेल्या एका काकांच्या खालच्या ओठावर काळपट जांभळा डाग होता. "उष्णतेचा आहे, येतो अधूनमधून." खोदून विचारलं तेव्हा कळलं, दर वेळी आधी जुलाब, मग मेडिकलमधून विचारून आणलेली ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, आणि काही तासांत त्याच जागी जळजळ. डाग त्याच जागी उठत असेल तर औषधावर संशय घ्याच. हा डाग हातावर, जननेंद्रियावरही उठतो, लाजेपोटी लोक सांगत नाहीत. तेच औषध पुन्हा घेतलं तर डाग वाढू शकतात. आणि दाताच्या सुजेवर आम्ही जे मेट्रोनिडाझोल लिहितो, ते ऑर्निडाझोलचंच भाऊबंद! ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल, या दोन्हींतलं नेमकं कुठलं बाधलं, ते त्वचेच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

येताना चालू औषधांची पिशवीच घेऊन या. रक्त पातळ करणाऱ्या अ‍ॅसेनोकुमारॉलवर मेट्रोनिडाझोल पडलं तर रक्तस्राव वाढू शकतो. दम्याच्या काही रुग्णांना डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनने धाप लागते. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनने हिरड्या वाढू शकतात, पण म्हणून ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. हाडांसाठी आठवड्याला एक अ‍ॅलेन्ड्रोनेट किंवा वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन घेणाऱ्या आजी हमखास म्हणतात, "मला कसलं औषध नाही." ते कळल्याशिवाय मी दात काढत नाही, कारण क्वचित जबड्याचं हाड भरूनच येत नाही.

औषध बाधलं तर गोळ्यांची पट्टी फेकून देऊ नका. दुकानदार कापून देतो त्या तुकड्यावर पुष्कळदा नाव नसतं, म्हणून आख्ख्या पट्टीचा फोटो काढा. ब्रँड बदलतो, त्यामुळे खालचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव लिहून पाकिटात ठेवा.

औषध बाधल्याची तक्रार रुग्णालाही करता येते. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेची १८००-१८०-३०२४ ही मोफत हेल्पलाइन आहे, रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो. औषधानेच झालं याची खात्री नसली, नुसता संशय असला, तरी भरा.