ग्रुपमध्ये ब्लॉकची अदलाबदल करायचीय? आधी माप ठरवा

गोधडीच्या ग्रुपमध्ये ब्लॉक, म्हणजे गोधडीसाठी कापडाचे तुकडे जोडून शिवलेले चौकोन, एकमेकींत बदलायचे असतील तर डिझाईनवरून वाद घालत बसू नका, आधी माप ठरवा. गोधडीत ब्लॉक १२ इंची दिसायला हवा तर तो साडेबारा इंचाचा शिवून आणायचा, कारण चारी बाजूंनी पाव-पाव इंच जोडताना शिलाईत जातं, आणि हे पाव इंच प्रत्येकीच्या मशीनवर वेगळंच येतं बरं का, म्हणून सगळ्यांनी अडीच इंची तीन पट्ट्या जोडून इस्त्री करून बघा, मधली बरोब्बर २ इंच भरली की झालं. कापड सुतीच. लाल, गडद रंग आधी धुवून घ्या, नाहीतर दुसरीचं पांढरं गुलाबी होतं आणि मग बसा बोलणी खात! नवीन मेंबरला सोपा ब्लॉक द्या, उसवावं लागलं तर शेजारी बसून उसवू लागा.