‘करण्यात येईल’ लिहिण्याआधी

मंत्रालयातल्या एखाद्या विभागाच्या समन्वय शाखेत उपसचिव म्हणून रुजू झालात की जो तो एकच सांगेल, विधिमंडळाचं अधिवेशन आलं की झोप विसरा. खरंच आहे ते. पण झोप नंतर भरून काढता येते. मला छळलं ते एका क्रियापदानं, आणि त्याबद्दल मला कुणीही आधी सावध केलं नव्हतं.

तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना ही आमदारांची आयुधं तुम्हाला माहीत आहेत. चर्चा मागण्यासाठीचा विधानसभेतला नियम २९३ आणि विधान परिषदेतला २६० सुद्धा. विधेयकाचा मसुदा विधि व न्याय विभागाकडे कसा फिरतो तेही पाहिलेलं असेल. म्हणून थेट माझ्या चुकीवर येते.

कक्ष अधिकारी असताना एका तारांकित प्रश्नाचं उत्तर माझ्या कार्यासनातून, म्हणजे टेबलावरून, गेलं. शेवटचा भाग नेहमीचाच, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ क्षेत्रीय कार्यालयाकडून अर्धवट माहिती आली होती. रात्रीचे साडेदहा वाजले होते. विलंब झाला आहे असं लिहायचा धीर होईना. मी लिहिलं, ‘उर्वरित कार्यवाही तीन महिन्यांत पूर्ण करण्यात येईल.’ सह्या झाल्या, मंत्र्यांनी सभागृहात तेच सांगितलं. विषय मिटला असं मी धरून चालले.

ते आश्वासन झालं होतं. सभागृहाच्या कार्यवाहीतून आश्वासनं वेचून विधिमंडळ सचिवालय विभागाला कळवतं. मग ती पूर्ण करा, मुदतवाढ मागा, नाहीतर आश्वासनं पाळली गेली का ते तपासणाऱ्या आमदारांच्या आश्वासन समितीसमोर जाऊन का जमलं नाही ते सांगा. ‘तीन महिने’ हा आकडा मी मनानं टाकला होता. निधीची तरतूद नव्हती, जागेचा ताबा मिळालेला नव्हता. चार वर्षांनी विभागाचे सचिव समितीसमोर माझ्या त्या एका वाक्याचा खुलासा करत होते आणि मी मागच्या रांगेत नस्ती (फाईल) मांडीवर घेऊन बसले होते. त्या दिवसाची आठवण आजही पोटात खड्डा पाडते.

‘करण्यात येईल’ला कर्ताच नाही, घोळ तिथेच आहे. कोण करणार, कुणाच्या मंजुरीनं, अर्थसंकल्पातल्या कोणत्या लेखाशीर्षातून, सगळं त्या येईलच्या आड लपतं. म्हणून वाक्य उलटवून पाहा: ‘अमुक अधिकारी अमुक तारखेला अमुक पैशातून हे करेल.’ तीनपैकी एक जागा जरी रिकामी राहिली, तरी ते वाक्य उत्तरात जाता कामा नये. त्याऐवजी आजची वस्तुस्थिती लिहा: प्रस्ताव कुठे आहे, कोणत्या तारखेपासून आहे. ‘विचाराधीन आहे’ किंवा ‘तपासून पाहू’ लिहिलं म्हणजे सुटलो, असंही समजू नका. लोकसभेच्या आश्वासन समितीनं ठरवलेल्या यादीत असले शब्दप्रयोगही आश्वासनच धरले जातात. तोंडी आश्वासनं तर आणखी निसटती. पूरक प्रश्नावर मंत्री ‘महिनाभरात बैठक लावतो’ म्हणाले, की अधिकारी गॅलरीत बसल्या जागी टिपून घ्या आणि त्याच संध्याकाळी संबंधित कार्यासनाला कळवा. सचिवालयाच्या पत्राची वाट पाहिलीत तर ते आठवडे फुकट गेलेच.

मागच्या अधिवेशनातलं उत्तर उचलून तारीख बदलणाऱ्यांचा मला राग येतो. ‘हे खरे नाही’ हे तीन शब्द कागद हातात असल्याशिवाय लिहूच नयेत. ‘अंशतः खरे आहे’ लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. आणि ‘भाषेत बसवून देतो’ म्हणून मिरवणाऱ्या वरिष्ठांकडे शिकायला जाऊ नका. आश्वासनांची नोंदवही सांभाळणारा एखादा सहायक शोधा. मी जे शिकले ते अशाच एकाकडून, आणि त्यांचं नाव कुठल्याही टिपणीत कधी आलं नाही.

घाबरूनही जाऊ नका. उत्तर देणाऱ्या मंत्र्यांकडे गॅलरीतून माहितीची पहिली चिठ्ठी पाठवताना हात थरथरतो, सगळ्यांचाच. त्यांना परिच्छेद नको असतो, मोठ्या अक्षरात आकडा आणि तारीख पुरते. प्रश्न राखून ठेवला, म्हणजे पुढे ढकलला गेला तरी नोकरी जात नाही. उत्तरात चूक गेल्याचं लक्षात आलं तर त्याच तासाला सचिवांना सांगा. मंत्र्यांना सभागृहात दुरुस्तीचं निवेदन करता येतं. चूक त्या मानानं लवकर निस्तरते. ती दडवून ठेवली आणि प्रकरण हक्कभंगापर्यंत गेलं, तर मात्र तुमच्या पाठीशी कुणी उभं राहत नाही.

हिवाळी अधिवेशनाला नागपूरला जाताना प्रलंबित आश्वासनांच्या नस्त्या सोबत न्या. तिथे ऐनवेळी मुंबईच्या कपाटातला कागद मिळत नाही.

रुजू झालात की पहिल्याच दिवशी प्रलंबित आश्वासनांची यादी मागवा आणि सगळ्यात जुनी नस्ती स्वतः वाचा, पहिल्या टिपणीपासून. आमच्या यादीत अजून कितीतरी ‘येईल’ पडून आहेत. अधिवेशन नसतं तेव्हा मी संध्याकाळी त्यातली एक काढते आणि संबंधित कार्यालयाला फोन लावते.